चार बोटांची फळी

मित्रांनो, मी एक जुनी मापाची काठी आहे. आरोग्य केंद्राच्या औषधांच्या खोलीत, दाराच्या मागे मी उभी असते. उंची पुरुषभर, रुंदी तीन बोटे, आणि अंगावर चार रंगांच्या चार रेघा. नवीन आलेली माणसे मला पाहून म्हणतात, "किती सरळ आहे हो ही काठी!" असे कुणी म्हटले की मी ओशाळते. कारण दिसायला सरळ असलेली ही काठी दोन वर्षे धडधडीत खोटे बोलत होती. ते कसे घडले तेच तुम्हाला सांगायचे आहे. सांगितल्याने माझे मन हलके होईल असे मला वाटत नाही, पण तुमच्या हाती उद्या एखादे माप येईल तेव्हा ही गोष्ट आठवली तर बरे.

माझा जन्म केंद्रामागच्या सुतारकाकांच्या कामाच्या खोलीत झाला. दाराची चौकट करून उरलेली मी एक पट्टी. भुशाच्या ढिगावर पडले होते. एके दिवशी केंद्रातल्या सिस्टर हातात कागद घेऊन आल्या.

"काका, वजनकाटा पुन्हा बिघडला. तिसरी वेळ. आता वस्तीत काटा न्यायचाच नाही. उंचीवरून गोळ्या द्यायच्या."

"उंचीवरून? आणि एखादा उंच पण काटकुळा असला तर?"

"थोडं इकडेतिकडे चालतं. जाणकारांनी हजारो माणसं मोजून ठरवलंय ते. फक्त रेघा बरोबर हव्यात."

सुतारकाकांनी मला उचलले, रंधा मारला, कागदावरून मापे घेतली. जमिनीपासून नव्वद सेंटिमीटरवर लाल रेघ: तिथपर्यंत डोके पोचले तर एक गोळी. त्यावर पिवळी, दोन गोळ्यांची. मग निळी, तीन गोळ्यांची. सर्वांत वर हिरवी, चार गोळ्यांची. लाल रेघेखाली जो राहील त्याला काही नाही, कारण इतक्या लहान जिवाला ते औषध देत नाहीत.

"म्हणजे ही काठी डॉक्टरच झाली म्हणा की!" सुतारकाका म्हणाले.

"डॉक्टर नाही हो, कंपाउंडर," सिस्टर हसून म्हणाल्या.

मला तेवढेही पुष्कळ होते. चौकटीत बसवले असते तर जन्मभर दार आपटून घेतले असते. इथे माणसे माझ्यासमोर ताठ उभी राहणार होती.

ज्या आजारासाठी माझा जन्म झाला त्याचे नाव हत्तीरोग. डास चावतो, त्याच्याबरोबर दोऱ्यासारख्या जंतांची पिल्ले अंगात शिरतात, आणि वर्षानुवर्षे काही कळत नाही. मग एखाद्या दिवशी पाय सुजतो आणि सूज उतरायचे नाव घेत नाही. मोठे डॉक्टर एकदा केंद्रात शिकवायला आले होते तेव्हा मी ऐकले, की असे वीसेक आजार आहेत आणि जगातल्या शंभर कोटींहून अधिक लोकांच्या मागे ते लागले आहेत. त्यांना दुर्लक्षित आजार म्हणतात. डॉक्टर म्हणाले होते, "माणूस पटकन मेला तर बातमी होते. चाळीस वर्षं लंगडला तर कोण विचारतं?"

उपाय मात्र सोपा होता. साऱ्या वस्तीने वर्षातून एकदा, ओळीने काही वर्षे, गोळ्या गिळायच्या. जंतांची पिल्ले रक्तातून गेली की डासाला न्यायला काही उरत नाही. पण त्यासाठी जवळजवळ सगळ्यांनीच घ्यायला हव्यात, आणि पुरेशा घ्यायला हव्यात. बरेच जण सुटले, की जंताला घर मिळालेच.

पहिली तीन वर्षे मी चोख काम केले. कालव्याकाठच्या वस्तीत शाळेच्या ओसरीवर टेबल मांडायचे. एकाने मला धरायचे, माणसाने पाठ लावून उभे राहायचे, सिस्टरांनी रेघ पाहून गोळ्या द्यायच्या. गोळी समोरच गिळायची. मग डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. पोरांना गोळीपेक्षा त्या शाईचे अप्रूप जास्त. नखे नाचवत ती गल्लीभर फिरायची आणि शाई नसलेल्याला चिडवायची.

एकच गोष्ट मला खुपत असे. मला स्वतःहून उभे राहता येत नव्हते. धरणाऱ्याला शिंक आली की मी तिरपी. वाऱ्याची झुळूक आली की मी आडवी. एकदा तर मी थेट सरपंचांच्या टकलावर पडले. ते सज्जन म्हणून हसले, पण मला ओसरीच्या फटीत शिरावेसे वाटले.

चौथ्या वर्षी, गोळ्या वाटायच्या आदल्या दिवशी, सुतारकाकांनी मला पुन्हा कामाला घेतले. "हिला पाय लावून देतो, म्हणजे धरायला माणूस नको," ते सिस्टरांना म्हणाले. जुन्या दाराची एक फळी त्यांनी काढली. चांगली चार बोटे जाड. खरे म्हणजे फळीला खाच पाडून मला आरपार खोचायला हवे होते, म्हणजे माझे टोक जमिनीलाच टेकले असते. पण ती फळी भलती टणक निघाली. पटाशी घसरली, अंगठ्याला लागले. शेवटी वैतागून त्यांनी मला फळीवरच उभे केले आणि खालून स्क्रू पिळले.

मग ते दोन पावले मागे सरकले, माझ्याकडे पाहिले आणि पुटपुटले, "अरेच्चा, रेघा आता खाली सरकवायला लागतील." रंगाचा डबा हलवून पाहिला. रिकामा. "उद्या बघतो," ते म्हणाले.

मित्रांनो, हे शब्द त्या खोलीत मी एकटीने ऐकले. सकाळी ते यायच्या आतच गाडी आली आणि मला घेऊन गेली. पुढे त्यांच्या डोक्यात शंभर कामे आली आणि रेघा राहून गेल्या.

त्या दिवशी ओसरीवर मी पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहिले. फळी अरुंद होती, त्यामुळे माणसे तिच्या शेजारी, जमिनीवरच उभी राहत. चार बोटे उंच झालेली मी आणि जमिनीवर उभी असलेली ती. "वा! काठीला पाय फुटले!" सगळे म्हणाले. सिस्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि तिथेच बसले. चारच्या जागी तीन गोळ्या, तीनच्या जागी दोन, असे सकाळपासून चालले होते. मला ते दिसत होते. पण कौतुक कानात शिरले की बाकी काही शिरत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

दुपारी शिवणकाकू आल्या. वस्तीच्या पहिल्या गल्लीत त्यांचे शिलाईचे दुकान होते. गळ्यात टेप, पदराला टोचलेल्या टाचण्या. डावा पाय गुडघ्यापासून खाली सुजून खांबासारखा झालेला. मशीन त्या उजव्या पायाने चालवत. साऱ्या वस्तीचे कपडे त्या मापात शिवत, पण त्यांच्या डाव्या पायाच्या मापाची चप्पल बाजारात मिळत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच जाड कापडाचा बूट शिवला होता. पाय रोज साबणाने धुवायचा, बोटांच्या फटी कोरड्या करायच्या, बसताना पाय वर ठेवायचा, हे त्या नेमाने करत. तरी लोक मागे बोलायचेच, की बाईने काहीतरी पाप केले असणार.

त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती. चणीने लहान म्हणून सगळे तिला टिल्ली म्हणत. ती धावतच माझ्याकडे आली आणि पाठ लावून, मान ताणून उभी राहिली.

सिस्टर वाकल्या. टिल्लीचे डोके लाल रेघेच्या बरेच खाली होते.

"पुढच्या वर्षी हं, बाळा."

"शाई?" टिल्लीने करंगळी पुढे केली.

"शाई गोळी घेणाऱ्यालाच."

टिल्लीने असा भोंगा पसरला की रांग हसू लागली. शिवणकाकूंनी तिला ओढून बाजूला नेले, पिशवीतून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला आणि तिच्या नखावर रेघ ओढली. "ही बघ, तुझी शाई." टिल्ली गप्प झाली. ती माझ्या फळीवर उभी राहिली असती, तर तिचे डोके लाल रेघेला लागले असते. हे मला माहीत होते, आणि मी मूग गिळून गप्प बसले.

पुढच्या वर्षी शिवणकाकू सकाळीच आल्या, रांगेत पहिल्या. टिल्लीचे केस विंचरलेले, फ्रॉक नवा. या वेळी तिचे डोके लाल रेघेच्या अगदी जवळ पोचले होते. पण पोचले नव्हते.

"एक बोट कमी आहे," सिस्टर म्हणाल्या.

"कमी कशी? काल रात्रीच फ्रॉकसाठी माप घेतलंय मी तिचं. शहाण्णव भरली."

"ताई, ती कापडाची टेप."

"कापडाची असली तरी रोज तिच्यावरच पोट भरतं माझं. तुम्ही हवं तर इथे मोजा."

रांग खोळंबली होती. मागून कुणीतरी ओरडले, "अहो काकू, पुढच्या वर्षी वाढेल की पोरगी! पळून चाललीय का गोळी?"

"माझा पाय बघा आणि मग बोला," शिवणकाकू वळून म्हणाल्या. मग सिस्टरांकडे पाहून आवाज खाली आणला. "सिस्टर, मी हात जोडते. मी हिच्याएवढी असताना मला कुणी औषध दिलं नाही. तेव्हा ते नव्हतंच. हिला आहे, तर मिळू द्या."

सिस्टर वाईट नव्हत्या, मित्रांनो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. पण त्यांना भीती होती ती लहान जिवाला औषध जास्त होण्याची. त्या म्हणाल्या, "नियम तिच्या भल्यासाठीच आहे, ताई. टेप ताणली जाते, आटते. लाकूड ताणत नाही. काठी खोटं बोलत नाही."

काठी खोटे बोलत नाही! ते ऐकून मला वाटले, आता तरी कोसळावे. निदान पडल्यावर कुणीतरी माझ्या बुडाकडे पाहील. आधी मी झुळुकीनेही पडत असे. पण आता मला पाय होता, भक्कम, चार बोटे जाड. वारा आला आणि गेला. मी जागची हलले नाही.

शिवणकाकूंनी टेप गळ्यात टाकली, मुलीचा हात धरला आणि कापडी बूट ओढत निघून गेल्या. या खेपेला त्यांनी खडूही काढला नाही.

चार महिन्यांनी तपासणीचे पथक आले. एवढी वर्षे गोळ्या वाटूनही या वस्तीतला आजार म्हणावा तसा कमी होत नव्हता, आणि वरच्या लोकांना त्याचे कोडे पडले होते. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, कागदी पट्टीवर सोडायचा आणि दहा मिनिटे थांबायचे. एक रेघ उमटली तर ठीक. दोन उमटल्या तर अंगात जंत. पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. मी कोपऱ्यात उभी होते, उंचीची नोंद घ्यायला म्हणून आणलेली.

टिल्ली पट्टीपाशी नाक नेऊन बसली होती. सात-आठ मिनिटे गेली आणि ती आनंदाने ओरडली, "आई, आई! सगळ्यांना एकच रेघ! मला दोन!"

तिला वाटले, इतके दिवस जी शाई मिळाली नाही ती आता दुप्पट मिळाली. ती सगळ्यांकडे पाहून हसत होती, आणि कुणीच हसत नाही म्हटल्यावर तिचेही हसू हळूहळू मावळले.

शिवणकाकू रडल्या नाहीत. उठल्या, पाय ओढत माझ्यापाशी आल्या आणि गळ्यातली टेप काढली. तिचे पत्र्याचे टोक त्यांनी फळीवर नाही, जमिनीवर टेकवले आणि टेप लाल रेघेपर्यंत ओढली.

"सिस्टर, या जरा. वाचा."

सिस्टर वाकल्या. "अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या. मग पुन्हा वाकून पाहिले. "अठ्ठ्याण्णव कसं येईल? ही तर नव्वदची रेघ आहे."

शिवणकाकूंनी टेप उचलून फळीवर टेकवली. आता नव्वद आले. मग त्यांनी फळीला आपली चार बोटे लावून दाखवली. बरोबर तेवढीच जाडी. साऱ्या वस्तीला मापणारी काठी, आणि तिच्याच बुडाशी अंधार. दिव्याखाली असतो तसा.

सिस्टर बाकावर बसल्या आणि रडू लागल्या. "ताई, मी... मला एकदा तरी मोजून बघायला हवं होतं. तुम्ही सांगत होतात..."

"आता रडू नका, सिस्टर," शिवणकाकू म्हणाल्या. "वही काढा. माझी एकटीच सुटली का अजून किती आहेत, ते बघू."

वही काढली. दोन वर्षांत लाल रेघेवरून परत पाठवलेली आणि खरे तर गोळीला पात्र असलेली मुले सदतीस निघाली. कमी गोळ्या मिळालेल्या मोठ्या माणसांची यादी तर तीन पाने भरली. एकेक नाव वाचले जात होते आणि मी तिथेच उभी होते. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ना, तसे मला वाटत होते, की प्रत्येक जण माझ्याकडेच बघतो आहे. खरे तर कुणीच बघत नव्हते. काठीला कोण दोष देतो?

सुतारकाका धावत आले. फळी पाहिली आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. "रंग संपला होता," ते म्हणाले. "उद्या बघतो म्हटलं होतं मी. उद्या बघतो म्हटलं आणि विसरलो." त्यांनी स्क्रू काढले, फळी वेगळी केली. पुढे ती त्यांनी आपल्या कामाच्या जागेसमोर भिंतीवर टांगली. अजून तिथेच आहे. कुणी विचारले की ते सांगतात, लपवत नाहीत. सिस्टरांनीही चूक स्वतःच्या नावाने लिहून वर कळवली, बोलणी खाल्ली, आणि मला खांद्यावर घेऊन घरोघर पुन्हा गोळ्या वाटल्या. वरातीमागून घोडे, असे काही जण म्हणाले. ते काही खोटे नव्हते.

टिल्लीला मोठ्या डॉक्टरांनी तपासले. औषध सुरू केले. शिवणकाकूंनी एकच विचारले, "पहिल्याच खेपेला गोळी मिळाली असती, तर?"

"तर कदाचित जंत राहिलेच नसते. कदाचित राहिलेही असते," डॉक्टर म्हणाले. "पण आता सापडलंय, औषध चालू आहे. पाय सुजेलच असं नाही."

सुजेलच असे नाही. मित्रांनो, या तीन शब्दांना मी आजवर टेकून उभी आहे. कुणी मला सांगेल का, की सुजणारच नाही? तसे कुणी सांगत नाही.

या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. वस्तीत दोन रेघांच्या पट्ट्या फार थोड्या उरल्या आहेत. गोळ्या वाटायच्या दिवशी आमच्याकडे एक रीत पडली आहे, ती दुसरीकडे कुठे नसेल. सगळी रांग उभी असते, पण कुणाला मापत नाहीत. आधी शिवणकाकू येतात. मला जमिनीवर टेकवतात, टेप लावतात आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक रेघ वाचतात. लाल नव्वद. पिवळी एकशेवीस. सर्वांसमोर माझे माप निघते आणि मगच मला दुसऱ्याचे माप घेता येते. मला लाज वाटते, पण ती लाज मला हवीशी वाटते. माझी एवढीच विनंती आहे. ज्या मापाने तुम्ही दुसऱ्याला मागे पाठवता, ते आधी जमिनीपासून मोजून पाहा. आणि पाय ओढत आलेले एखादे माणूस म्हणाले, की माझी टेप वेगळे सांगते, तर त्याला 'रांग खोळंबलीय' म्हणू नका. रांगेला थांबू द्या. टेप लावून पाहा.

माझे माप झाले की शिवणकाकू आणखी एक माप घेतात. ते मात्र हळू आवाजात. टिल्ली बाकावर बसते. आता ती पिवळ्या रेघेच्या वर गेली आहे, निळीला टेकायला आली आहे. टिल्ली हे नाव तिला शोभत नाही, पण चिकटले ते चिकटले. काकू तिच्या घोट्याभोवती टेप गुंडाळतात. उजवा. मग डावा. तेवढा वेळ सिस्टर गोळ्या मोजायच्या थांबतात, दाराशी उभे असलेले सुतारकाका टोपी हातात घेतात, आणि माझ्या अंगातला लाकडाचा कण न् कण कान देऊन ऐकतो.

"उजवा एकोणीस," काकू म्हणाल्या परवा. जरा थांबल्या, टेप नीट बसवली. "डावा एकोणीस."

"आई, दर वर्षी काय गं! तेच तर येतं!" टिल्ली वैतागून म्हणाली आणि शाईसाठी करंगळी पुढे केली.

काकूंनी टेप गळ्यात टाकली.

"तेच येऊ दे, बाई," त्या म्हणाल्या. "तेच येऊ दे."